पासवर्ड मनाने ठरवू नका: मजबूत पासवर्डची सविस्तर कृती

१९७९ साली अमेरिकेतील बेल लॅब्स या संशोधनसंस्थेतील रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन या दोघा संगणकतज्ज्ञांनी युनिक्स संगणकांच्या वापरकर्त्यांचे ३,२८९ पासवर्ड तपासले. त्यांतले १५ पासवर्ड केवळ एका अक्षराचे, ७२ दोन अक्षरांचे आणि ४६४ तीन अक्षरांचे होते. चार ते सहा अक्षरांचे साधे पासवर्ड आणि शब्दकोशांत किंवा नावांच्या याद्यांत सापडणारे शब्द त्यांत मिळवले, तेव्हा सहज शोधून काढता येतील अशा पासवर्डांचे प्रमाण ८६ टक्के भरले. तीस वर्षांनी, २००९ साली, रॉकयू या कंपनीकडील सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड उघड झाले, तेव्हा सर्वांत जास्त वेळा आढळलेला पासवर्ड होता १२३४५६, आणि तो सुमारे २ लाख ९० हजार खात्यांना लावलेला होता.

यावरून लोक आळशी असतात असा निष्कर्ष नेहमी काढला जातो आणि तो मला अन्यायकारक वाटतो. एखाद्याला ‘काहीतरी अवघड शब्द ठरव’ असे सांगितले की त्याचे मन ओळखीच्या वाटेनेच जाते: मुलाचे नाव, जन्मवर्ष, आवडता खेळाडू, किबोर्डवर शेजारीशेजारी असलेली अक्षरे. लाखो माणसांची मने त्याच वाटांनी जातात, आणि पासवर्ड फोडणाऱ्याला त्या वाटा पाठ असतात. म्हणून पुढची सगळी कृती दोन गोष्टींवर उभी आहे: पासवर्डची निवड मनाकडून काढून घेऊन फाशांच्या दानावर सोपवायची, आणि एक पासवर्ड एकाच खात्यासाठी वापरायचा.

पासवर्ड फोडतात म्हणजे काय करतात

लॉगिनच्या पानासमोर बसून कोणी एकेक पासवर्ड टाकून पाहतो, हे चित्र बहुतेक वेळा खरे नसते, कारण थोड्याच चुकीच्या प्रयत्नांनंतर चांगली सेवा खाते अडवून ठेवते. खरे काम आधी होते ते चोरीचे, म्हणजे त्या सेवेच्या संगणकावरून पासवर्डांची फाइलच उचलून नेण्याचे. व्यवस्थित चालवलेल्या सेवेत या फाइलमध्ये मूळ पासवर्ड नसतो, तर त्यापासून गणिताने बनवलेला ठसा असतो, ज्याला हॅश म्हणतात. हॅशवरून उलट्या दिशेने पासवर्ड काढता येत नाही. पण चोर आपल्या संगणकावर एकेक शब्द घेऊन त्याचा हॅश बनवतो आणि चोरलेल्या ठशांशी ताडून पाहतो. इथे त्याला अडवणारे कोणी नसते. एमडी५ सारख्या जुन्या आणि जलद पद्धतीने हॅश बनवलेले असतील, तर आजचे एक महागडे ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा हजार कोटींहून अधिक शब्द ताडून पाहू शकते.

सेवा चालवणारे या वेगाला आळा घालू शकतात. प्रत्येक पासवर्डात वेगळी यादृच्छिक, म्हणजे निव्वळ योगायोगाने निवडलेली, अक्षरे मिसळून मग हॅश बनवला, तर एकच ताडणी सर्व खात्यांना लागू पडत नाही. या मिसळणीला सॉल्ट म्हणतात. १९९९ सालची बीक्रिप्ट आणि २०१५ सालच्या स्पर्धेत निवडली गेलेली आर्गॉन२ या पद्धती तर मुद्दाम संथ ठेवलेल्या आहेत. परंतु आपले खाते ज्या सेवेत आहे ती कोणती पद्धत वापरते, हे आपल्याला बाहेरून दिसत नाही. २०१२ साली लिंक्डइनमधून पासवर्डांचे हॅश चोरीला गेले, तेव्हा ते सॉल्टशिवाय, जलद एसएचए-१ पद्धतीने बनवलेले होते. सुरुवातीला ६५ लाख हॅश उघड झाले आणि २०१६ साली हाच आकडा ११ कोटींच्या पुढे गेल्याचे दिसले. समोरच्याने निष्काळजीपणा केला आहे असे धरूनच आपण आपला पासवर्ड बांधावा, असे माझे मत आहे.

आता हिशेब पाहू. इंग्रजीच्या २६ लहान अक्षरांपैकी आठ अक्षरे वाटेल तशी घेतली, तर सुमारे २१ हजार कोटी जुळण्या होतात. ऐकायला हा आकडा प्रचंड वाटतो, पण वरच्या वेगाने त्या सगळ्या तपासायला दोन सेकंद पुरतात. मोठी अक्षरे, अंक आणि चिन्हे धरून किबोर्डवरच्या ९५ खुणांतून आठ निवडल्या, तर साडेअठरा तास लागतात. याउलट केवळ लहान अक्षरेच, पण सोळा घेतली, तर हाच काळ १३ हजार वर्षांपलीकडे जातो. चिन्हांच्या सजावटीपेक्षा लांबी किती जास्त काम करते, हे यावरून दिसते.

हा हिशेब केवळ यादृच्छिक निवडीला लागू पडतो, ही गोष्ट बहुतेक लेखांतून सुटते. पहिले अक्षर मोठे करणे, इंग्रजी ‘ए’च्या जागी @ आणि ‘ओ’च्या जागी शून्य घालणे, शेवटी वर्ष किंवा उद्गारचिन्ह जोडणे, या सर्व युक्त्या फोडणाऱ्या प्रोग्राममध्ये नियम म्हणून आधीच भरलेल्या असतात. मराठी नावे आणि शब्द रोमन लिपीत लिहिले म्हणून ते परके ठरत नाहीत. फुटलेल्या याद्यांमध्ये तेही आहेत. म्हणी, गाण्यांच्या ओळी आणि प्रसिद्ध वाक्ये यांचेही तेच.

पहिली पायरी: खात्यांची उतरंड लावा

एका कागदावर आपली खाती लिहून काढावीत आणि प्रत्येकापुढे एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे: हे खाते दुसऱ्याच्या हाती गेले, तर त्यातून आणखी कोणती खाती उघडतील? या प्रश्नाने यादीचा क्रम आपोआप लागतो. सर्वांत वर ई-मेल येतो, बँकही त्याच्या खाली, कारण ‘पासवर्ड विसरलात?’ या दुव्याचे पत्र ई-मेलवरच येते आणि ज्याच्या हाती ई-मेल, त्याला बाकीचे पासवर्ड फोडण्याची गरजच उरत नाही. त्यानंतर फोनच्या कंपनीचे मुख्य खाते, मग पैशांचे व्यवहार, मग छायाचित्रे आणि कागदपत्रे साठवलेली जागा. एकदाच काही विकत घेऊन विसरलेली खाती सर्वांत खाली येतील. शक्य असेल तर ती बंदच करून टाकावीत.

दुसरी पायरी: मुख्य पासवर्ड शब्दांचा बनवा

लक्षात ठेवण्याचे पासवर्ड तीनच असावेत: संगणक उघडण्याचा, ई-मेलचा, आणि पुढच्या पायरीत येणाऱ्या पासवर्ड मॅनेजरचा. ते शब्दांचे बनवावेत. आर्नल्ड रेनहोल्ड यांनी १९९५ साली मांडलेली डाइसवेअर ही पद्धत मला आजही सर्वांत भरवशाची वाटते. तिच्यात ७,७७६ शब्दांची छापील यादी असते आणि प्रत्येक शब्दापुढे १ ते ६ या अंकांनी बनलेली पाच अंकी संख्या असते. पाच फासे टाकायचे, ४-१-६-२-५ असे दान पडले तर ४१६२५ या संख्येपुढचा शब्द घ्यायचा, आणि असे सहा वेळा करायचे. सहा शब्दांच्या सर्व जुळण्या वरच्याच वेगाने तपासायला सुमारे ७० हजार वर्षे लागतात, आणि गंमत म्हणजे ही यादी चोराकडे असली तरी या हिशेबात फरक पडत नाही.

इंग्रजी शब्द जवळचे वाटत नसतील, तर मराठी शब्दकोशावरून हेच काम करता येते. दहा सारख्या आकाराच्या चिठ्ठ्यांवर ० ते ९ हे अंक लिहून त्या वाडग्यात टाकाव्यात. एक चिठ्ठी उचलावी, अंक टिपावा, चिठ्ठी परत टाकून वाडगा हलवावा. पहिले तीन अंक म्हणजे पान, पुढचे दोन अंक म्हणजे त्या पानावरचा कितवा शब्द. ०४७ आणि १२ असे अंक आले, तर सत्तेचाळिसाव्या पानावरचा बारावा शब्द घ्यावा. पान किंवा शब्द त्या संख्येइतके नसतील तर पुन्हा चिठ्ठ्या काढाव्यात. आठशे पानांच्या कोशात पानाला वीस शब्द धरले तरी सोळा हजार शब्द होतात, म्हणजे डाइसवेअरच्या यादीच्या दुपटीहून अधिक.

समजा, खुंटी, शेवाळ, तराजू, बेभान, पाचर, मेण असे शब्द निघाले. इथे हात आवरण्याची गरज असते. ‘पाचर’ आवडला नाही म्हणून पुन्हा चिठ्ठी काढली, किंवा शब्दांचा क्रम लावून त्यांचे वाक्य जुळवले, तर निवड पुन्हा मनाकडे जाते आणि एवढा खटाटोप वाया जातो. शब्द आले तसेच ठेवावेत आणि त्यांवर एक चित्र रचावे: खुंटीवर शेवाळ माजले आहे, तिला टांगलेला तराजू बेभान हलतो आहे, आणि त्याच्या दांडीत मेणाची पाचर मारली आहे. चित्र जितके विचित्र, तितके ते डोक्यात घट्ट बसते. हे सहा शब्द मात्र वापरू नयेत, कारण ते आता छापले गेले आहेत.

हे शब्द किबोर्डवर रोमन लिपीत लिहावेत. ‘शेवाळ’मधला व ‘व्ही’ने लिहायचा की ‘डब्ल्यू’ने, दीर्घ ई एका अक्षराने की दोन, हे एकदा ठरवून तेच कायम ठेवावे, नाहीतर आपणच आपल्याला दाराबाहेर ठेवू. थेट देवनागरीत पासवर्ड लिहिण्याचा मोह अनेकांना होतो, पण मी तो सल्ला देत नाही. ‘दुसऱ्या’मधला ऱ संगणकात दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो: एकच स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा र आणि नुक्ता (अक्षराखालचा बिंदू) अशा जोडीने. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण सेवेने दोन्ही रूपे आधी एकसारखी करून घेतली नाहीत, तर त्यांचे हॅश वेगळे निघतात आणि फोनवरून बरोबर वाटणारा पासवर्ड संगणकावर चुकीचा ठरतो.

सुरुवातीचे काही दिवस पासवर्ड कागदावर लिहून कुलपात ठेवायला हरकत नाही. ‘कधीही लिहू नका’ हा सल्ला एकाच खोलीत अनेकांनी वापरायच्या संगणकांसाठी ठीक होता; पण दूर देशातून फाइल चोरणाऱ्याला आपल्या कपाटातला कागद वाचता येत नाही. दिवसातून चार-पाच वेळा तो मुद्दाम टाइप करावा. आठवड्याभरात तो बोटांना पाठ होतो.

तिसरी पायरी: बाकीचे सगळे मॅनेजरकडे

उरलेल्या खात्यांचे पासवर्ड आपल्याला माहीत असण्याचीच गरज नसते. पासवर्ड मॅनेजर प्रत्येक खात्यासाठी वीसेक यादृच्छिक अक्षरांचा पासवर्ड बनवतो, मुख्य पासवर्डाने बंद केलेल्या तिजोरीत ठेवतो आणि लॉगिनच्या वेळी स्वतः भरतो. बिटवॉर्डन आणि कीपासएक्ससी हे दोन्ही मोफत वापरता येतात आणि त्यांचा कोड तपासणीसाठी खुला आहे. पहिला अनेक उपकरणांवर आपोआप जुळवून घेतो, दुसरा सगळे आपल्याच संगणकावरच्या एका फाइलमध्ये ठेवतो, आणि तिची प्रत जपणे आपल्याकडे येते. ब्राउझरमध्ये असलेली सोय वापरली तरी एकच पासवर्ड सगळीकडे ठेवण्यापेक्षा ते पुष्कळ बरे.

एक पासवर्ड सगळीकडे ठेवल्याने काय होते, याचे मोठे उदाहरण २०२१ सालचे आहे. अमेरिकेतील कोलोनियल पाइपलाइन या इंधनवाहिनीच्या कंपनीत हल्लेखोर शिरले ते वापरात नसलेल्या एका जुन्या खात्यातून. तो पासवर्ड गुंतागुंतीचा होता, असे कंपनीच्या प्रमुखाने सिनेटच्या समितीसमोर सांगितले. तपासात तोच पासवर्ड आधी फुटलेल्या पासवर्डांच्या संग्रहात आढळला, आणि त्या खात्याला दुसरी पडताळणी नव्हती. इंधनवाहिनी काही दिवस बंद राहिली आणि कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलरची खंडणी भरली. पासवर्ड कितीही अवघड असला तरी तो एका जागी फुटला की चोरांचे प्रोग्राम तोच शेकडो जागी लावून पाहतात, आणि तिथे काही फोडण्याचा प्रश्नच राहत नाही.

मॅनेजरचा आणखी एक उपयोग मला त्याच्या साठवणुकीपेक्षाही मोलाचा वाटतो. बनावट पानाच्या पत्त्यात एका अक्षराऐवजी शून्य घातलेले असते आणि घाईत ते डोळ्यांना दिसत नाही. मॅनेजर मात्र पत्ता अक्षरशः जुळवतो आणि जुळला नाही तर पासवर्ड भरत नाही. तो असा गप्प राहिला, की हाताने पासवर्ड चिकटवण्याआधी थांबून वरचा पत्ता अक्षर-अक्षर वाचावा.

सगळे एकाच तिजोरीत ठेवणे धोक्याचे नाही का, ही शंका रास्त आहे. २०२२ साली लास्टपास या मॅनेजरच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. पासवर्ड सांकेतिक रूपात होते, पण वेबसाइटचे पत्ते उघडे होते, आणि प्रत हाती आल्यावर मुख्य पासवर्ड ताडून पाहायला चोराला कितीही वेळ मिळतो. म्हणूनच तिजोरीचा पासवर्ड दुसऱ्या पायरीतल्या पद्धतीनेच बनलेला असला पाहिजे. इथे सवलत घेऊ नये.

बदल एका दिवसात उरकू नये. ई-मेल आणि बँक पहिल्या दिवशी, बाकीची खाती जसजशी उघडावी लागतील तसतशी. सुरक्षाप्रश्नांची उत्तरेही खरी देऊ नयेत; पहिल्या शाळेचे नाव अनेकांना ठाऊक असते. तिथेही यादृच्छिक शब्द घालून ते मॅनेजरच्या टिपणात ठेवावेत.

चौथी पायरी: दुसरी पडताळणी

पासवर्डनंतर दुसरी खूण मागण्याची सोय जिथे असेल तिथे ती सुरू करावी. संदेशाने येणारा ओटीपी सर्वांत दुबळा असतो, कारण आपला क्रमांक फसवणुकीने दुसऱ्या सिमवर वळवता येतो. तरीही काहीच नसण्यापेक्षा तो बरा. दर तीस सेकंदांना सहा अंकी आकडा दाखवणारे ॲप त्याहून चांगले, मात्र तो आकडाही बनावट पानावर आपण स्वतः भरून देऊ शकतो. हा धोका पासकीत, म्हणजे पासवर्डाऐवजी चालणाऱ्या डिजिटल किल्लीत, राहत नाही, कारण ती किल्ली आपल्या उपकरणात किंवा मॅनेजरमध्ये असते आणि खऱ्या पत्त्याशीच बांधलेली असते. जिथे पासकी मिळते तिथे मी ती बिनदिक्कत घेतो. पडताळणी सुरू करताना मिळणारे राखीव कोड त्याच वेळी कागदावर छापून ठेवावेत, कारण फोन हरवल्यावर ते मिळवता येत नाहीत.

जुने नियम, जे आता सोडायचे

दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदला, हा नियम अनेक कार्यालयांत अजून चालतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेच्या २००३ सालच्या ज्या दस्तऐवजातून अशा नियमांना बळ मिळाले, त्याचे लेखक बिल बर यांनी २०१७ साली त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली, आणि त्याच वर्षीच्या सुधारित मार्गदर्शनात संस्थेने ठरावीक मुदतीने बदल आणि चिन्हांची सक्ती दोन्ही टाळायला सांगितले. कारण उघड आहे: सक्तीने बदलायला लावले की लोक जुन्याच पासवर्डाच्या शेवटी १ च्या जागी २ करतात. बदल करायचा तो पासवर्ड फुटल्याची खूण मिळाल्यावर, आणि तेव्हा मात्र त्याच दिवशी.

पाचवी पायरी: फुटल्यावर काय करायचे

संगणक-सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी २०१३ साली सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या सेवेवर आपला ई-मेल कोणत्या चोरीत सापडला हे मोफत पाहता येते. तिथे पासवर्डही तपासता येतो, आणि तो तिकडे पाठवला जात नाही: त्याच्या हॅशची पहिली पाच अक्षरेच जातात, तशी सुरुवात असलेल्या सर्व हॅशांची यादी परत येते, आणि अंतिम जुळणी आपल्याच ब्राउझरमध्ये होते.

माझ्या एका ज्येष्ठ नातेवाइकांचा ई-मेल काही वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या हाती गेला होता. त्यांनी पासवर्ड लगेच बदलला आणि सगळे मिटले असे आम्ही समजलो. महिन्याभराने मी सेटिंग तपासत होतो, तेव्हा तिथे एक नियम दिसला: ‘बँक’ हा शब्द असलेले प्रत्येक पत्र एका अनोळखी पत्त्यावर पुढे पाठवावे. चोर घराबाहेर काढला होता, पण त्याने भिंतीला पाडलेले भोक तसेच होते. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी ई-मेलचा पासवर्ड बदलायचा, मग सर्व उपकरणांवरून बाहेर पडण्याची आज्ञा द्यायची, मग पत्रे पुढे पाठवण्याचे नियम, पासवर्ड परत मिळवण्यासाठी दिलेला फोन क्रमांक आणि दुसरा ई-मेल, आणि खात्याशी जोडलेली ॲप्स एकेक करून तपासायची. त्यानंतरच तोच पासवर्ड असलेल्या इतर खात्यांकडे वळायचे.

राहिलेली दोन कामे

घरातल्या राउटरचा आणि कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड आजच बदलावा. २०१६ साली मिराई या प्रोग्रामने असे ठरलेले साठेक नाव-पासवर्ड लावून पाहूनच लाखो उपकरणे ताब्यात घेतली.

दुसरे काम आपल्या पश्चातले आहे. मॅनेजरचा मुख्य पासवर्ड, ई-मेलचा पासवर्ड, फोनचा पिन आणि राखीव कोड एका कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहून, पाकीट बंद करून, घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवावे आणि एका विश्वासू माणसाला ती जागा सांगावी. पाकीट बंद करण्याआधी त्या माणसाला शेजारी बसवून, केवळ कागदाकडे पाहून, तिजोरी उघडून दाखवायला सांगावे. ‘शेवाळ’मधला व कोणता, हे तेव्हाच लक्षात येते आणि त्याच्याखाली रेघ मारता येते.